छुप्या प्रकाशाचा माग

स्ट्रिंग थिअरीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आक्षेप एका वाक्यात मांडता येतो : ती तपासून पाहता येत नाही. या सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन हे सारे कण म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची वेगवेगळी कंपने आहेत. नेहमीच्या अंदाजाप्रमाणे हे तंतू इतके लहान आहेत की ते थेट पाहण्यासाठी लागणारी ऊर्जा माणसाच्या आवाक्यात कधी येईल असे दिसत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला लार्ज हॅड्रॉन कोलायडर आज १३.६ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला प्रोटॉनांच्या टकरी घडवतो. तंतूंपर्यंत पोहोचायचे तर याच्या सुमारे एकावर पंधरा शून्ये इतक्या पट ऊर्जा लागेल. मग जो सिद्धांत कधीच कसोटीला लागणार नाही त्याला विज्ञान कशाला म्हणायचे, असे विचारणारे अनेक जण आहेत, आणि त्यांत नामवंत भौतिकशास्त्रज्ञही आहेत. माझ्या मते हा आक्षेप अर्धा खरा आहे. अवजड गोष्टींच्या खुणा शोधायला प्रत्येक वेळी अवजड ऊर्जाच लागते, हे त्यामागचे गृहीतक मात्र खरे नाही. काही खुणा जडपणामुळे पुसट होत नाहीत. त्यांतली सर्वांत स्वच्छ खूण म्हणजे छुपा फोटॉन, आणि तो शोधण्यासाठी कधी कधी एक लेसर, एक भिंत आणि भरपूर चिकाटी एवढे पुरते.

आपल्या ओळखीचा फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. तो फक्त विद्युतभार ओळखतो. इलेक्ट्रॉनवर भार आहे म्हणून फोटॉन त्याच्याशी व्यवहार करतो. न्यूट्रिनोवर भार नाही, म्हणून त्याच्याशी त्याचा थेट संबंध येत नाही. आता समजा, निसर्गात आणखी एका प्रकारचा भार आहे, आपल्या शरीरातल्या, दगडातल्या, ताऱ्यांतल्या एकाही कणावर तो नाही, आणि त्या भाराचाही स्वतःचा फोटॉन आहे. असा फोटॉन आपल्या आरपार जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. ही कल्पना नुसत्या हौसेची नाही. १९८२ मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह ओकुन यांनी अशा 'पॅराफोटॉन'चा गंभीरपणे विचार केला होता. त्यानंतर १९८६ मध्ये बॉब होल्डम यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला, आणि आजचे सगळे प्रयोग त्याच निबंधाच्या पायावर उभे आहेत. त्यांनी दाखवले की दोन फोटॉन एकमेकांना पूर्णपणे अनोळखी राहणे अवघड आहे. विश्वात कुठेतरी दोन्ही प्रकारचे भार अंगावर बाळगणारा एक जरी कण असेल, तर त्याच्या मध्यस्थीने हे दोन फोटॉन एकमेकांत किंचित मिसळतात. या मिसळीचे प्रमाण सांगणाऱ्या संख्येला आपण मिश्रणांक म्हणू.

होल्डम यांच्या निष्कर्षातला खरा मोलाचा भाग पुढे आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा असल्याने इथे थोडे थांबायला हवे. क्वांटम सिद्धांतात फोटॉन क्षणभर एखाद्या कण-प्रतिकणाच्या जोडीत रूपांतरित होऊन पुन्हा फोटॉन होऊ शकतो. ती जोडी दोन्ही भार बाळगणारी असेल, तर पलीकडे निघणारा कण छुपा फोटॉन असू शकतो. हा मधला कण फार जड असेल तर परिणाम नगण्य होईल, अशी आपली साहजिक अपेक्षा असते, आणि बहुतेक बाबतींत तसे घडतेही : कण जितका जड, तितका त्याचा कमी ऊर्जेवरचा प्रभाव झपाट्याने घटत जातो. मिश्रणांकाचे तसे नाही. तो मधल्या कणांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर, तेही लॉगॅरिदमच्या मंद चालीने, अवलंबून असतो. म्हणजे ते कण प्रोटॉनच्या हजार पट जड असोत की एकावर पंधरा शून्ये इतक्या पट जड असोत, त्यांची खूण जवळजवळ तेवढ्याच ठळकपणे उरते. कोणत्याही यंत्रात कधीच निर्माण करता येणार नाहीत अशा कणांचा पुरावा प्रयोगशाळेच्या टेबलावरच्या मोजमापात सापडू शकतो तो यामुळे. ऊर्जा वाढवण्याच्या शर्यतीला इथे अचूकतेचा पर्याय मिळतो.

यात स्ट्रिंग थिअरीचा संबंध कुठे येतो? पहिले म्हणजे, तिच्यात जादा फोटॉनांची टंचाई नाही. १९८५ मध्ये मांडल्या गेलेल्या हेटेरॉटिक स्ट्रिंगच्या प्रसिद्ध आवृत्तीत बलांच्या सममितीचे दोन सारखे मोठे गट येतात. त्यांतल्या एकात आपले सारे जग सामावते आणि दुसरा बाजूला उरतो. त्या उरलेल्या गटातून छुपे फोटॉन निघू शकतात. १९९५ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी 'डी-ब्रेन' या पृष्ठभागांचे महत्त्व दाखवल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले. उघड्या तंतूंची टोके अशा ब्रेनवर टेकलेली असतात आणि प्रत्येक ब्रेन आपल्यासोबत फोटॉनसारखा एक कण घेऊन येतो. आपले जग ज्या ब्रेनांवर वसले आहे त्यांखेरीज आणखी काही ब्रेन गणिताच्या सुसंगतीसाठीच बहुधा मांडावे लागतात. ते गुंडाळलेल्या सहा जादा मितींमध्ये आपल्यापासून दूर कुठेतरी असतात. आपल्या ब्रेनपासून त्या दूरच्या ब्रेनपर्यंत ताणलेला तंतू म्हणजे नेमका होल्डम यांना हवा असलेला, दोन्ही भार बाळगणारा कण. अंतर जितके जास्त तितका तो तंतू जड, पण जडपणामुळे खूण पुसली जात नाही हे आपण पाहिलेच. सगळेच जादा फोटॉन हलके राहतात असे मात्र नाही. सुसंगतीच्या काही अटींमुळे त्यांतल्या कित्येकांना प्रचंड वस्तुमान मिळते आणि ते हाताबाहेर जातात. उरलेल्या हलक्या फोटॉनांविषयीच प्रयोगाच्या भाषेत बोलता येते.

किती मिसळ अपेक्षित आहे याचा ढोबळ हिशेब कोणालाही करता येईल. विद्युतबलाची तीव्रता सांगणारी संख्या सुमारे ०.३ आहे. छुपे बलही तेवढेच तीव्र मानले, तर दोन्हींचा गुणाकार ०.०९ येतो. क्वांटम गणितात अशा प्रक्रियेसाठी येणारा भाजक साधारण १५८ असतो. उत्तर येते हजारात एकाहून थोडे कमी. १९९७ मध्ये कीथ डीन्स, क्रिस्टोफर कोल्डा आणि जॉन मार्च-रसेल यांनी स्ट्रिंगच्या संदर्भात या मिसळीचा सखोल विचार केला. पुढे २००८ ते २०११ या काळात स्टीव्हन एबल, मार्क गुडसेल, यर्ग येकेल, आंद्रेआस रिंगवाल्ड, मिकेले चिकोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रचनांसाठी हे आकडे काढले. त्यांतून असे दिसले की जादा मितींचे आकारमान फार मोठे असेल आणि छुपा ब्रेन त्या मोठ्या भागावर पसरलेला असेल, तर छुपे बल अतिशय क्षीण होते आणि मिश्रणांक हजारात एकावरून कितीतरी खाली घसरतो. छुप्या फोटॉनचे वस्तुमानही त्याच आकारमानावर अवलंबून असते. म्हणून अशा रचनांमध्ये वस्तुमान आणि मिश्रणांक या दोन संख्या एकमेकींशी बांधलेल्या राहतात. पुढच्या युक्तिवादासाठी हा बांधलेपणा लक्षात ठेवावा.

आता प्रयोगाकडे वळू. छुप्या फोटॉनला थोडेसे वस्तुमान असेल, तर साधा प्रकाश पुढे जाताना अधूनमधून छुप्या रूपात जातो आणि पुन्हा परत येतो. एकाच दोरीला टांगलेल्या दोन झोक्यांपैकी एकाला झोका दिला, की थोड्या वेळाने दुसराही हलू लागतो. तसेच इथे घडते. याचा फायदा घेणारी युक्ती सरळ आहे. शक्तिशाली लेसर एका भक्कम भिंतीवर सोडायचा. साधे फोटॉन भिंतीत अडतील. जे क्षणभर छुपे झाले असतील ते आरपार जातील आणि पलीकडे त्यांतले काही पुन्हा प्रकाश होतील. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातल्या डेझी संशोधन केंद्रात 'आल्प्स' या प्रयोगाने हेच केले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हिरव्या प्रकाशाची साठवलेली शक्ती सुमारे १.२ किलोवॉट होती, म्हणजे दर सेकंदाला तीनावर एकवीस शून्ये इतके फोटॉन. आकडा अवाढव्य वाटतो, पण अडचण अशी की रूपांतर दोनदा व्हावे लागते, एकदा जाताना आणि एकदा येताना, त्यामुळे संकेत मिश्रणांकाच्या चौथ्या घाताने घटतो. मिश्रणांक दहा लाखांत एक असेल, तर एवढ्या प्रचंड प्रकाशातून भिंतीपलीकडे अनुकूल परिस्थितीत वीस सेकंदांना एक फोटॉन उमटेल. मिश्रणांक आणखी दहा पट कमी झाला, तर त्याच एका फोटॉनसाठी दोन दिवसांहून अधिक वाट पाहावी लागेल. एक टप्पा पुढे जायचे तर दहा हजार पट सुधारणा हवी, आणि म्हणूनच या क्षेत्रात प्रत्येक पाऊल कष्टाने पडते.

आल्प्सला काही सापडले नाही. मे २०२३ मध्ये त्याची मोठी आवृत्ती त्याच डेझीच्या जुन्या हेरा त्वरकाच्या बोगद्यात सुरू झाली. तिच्यात भिंतीपलीकडेही आरशांची जोडी बसवून परतीच्या रूपांतराची शक्यता वाढवण्याची सोय आहे. तिच्यातले २४ महाकाय चुंबक हेराचेच, निवृत्त झालेले आहेत. ते ॲक्सिऑन नावाच्या दुसऱ्या कणासाठी लागतात. छुप्या फोटॉनला चुंबकाची गरजच नाही. अमेरिकेतल्या फर्मीलॅबने हीच कल्पना प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरींसाठी वापरली. त्वरकांसाठी बनवलेल्या नायोबियमच्या दोन अतिवाहक पोकळ्या घ्यायच्या, एक भरायची आणि दुसरी रिकामी ठेवून तिच्यात काही झिरपते का ते ऐकायचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच्या वस्तुमानांसाठी या प्रयोगाने मिश्रणांकावर सुमारे साठ कोटींत एक अशी मर्यादा घातली. या पट्ट्यात आधीची मर्यादा काही अंशी कूलॉमच्या नियमाच्या तपासणीतून आलेली होती, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. दोन भारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७३ मध्ये एकात एक ठेवलेल्या गोलांनी तपासले होते. १९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी तेच कमालीच्या अचूकतेने केले. छुपा फोटॉन असता तर त्या नियमात सुमारे वीस सेंटिमीटर अंतरावर बारीकशी चूक दिसली असती. त्या तिघांच्या मनात छुपा फोटॉन नव्हता. तरीही त्यांची नोंद आज स्ट्रिंग थिअरीच्या रचना गाळायला कामी येते. इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या आणि त्याहून काहीशा जड छुप्या फोटॉनांसाठी सूर्य हा अतिशय कडक परीक्षक ठरतो. ते तिथे निर्माण होऊन निसटत असते तर सूर्याची ऊर्जा अधिक वेगाने खर्च झाली असती, आणि तसे दिसत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की चार दशके शोधून काहीच सापडलेले नाही, मग हा नाद सोडून का देऊ नये? याचे उत्तर म्युऑनच्या कहाणीत आहे. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत त्याच्या चुंबकीय गुणधर्माचे जे माप आले ते सिद्धांताशी जुळत नव्हते. २००८ मध्ये मॅक्सिम पोस्पेलोव यांनी दाखवले की काही कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा आणि हजारात एकाच्या आसपास मिश्रणांकाचा छुपा फोटॉन ही तफावत भरून काढू शकतो. वर केलेल्या ढोबळ हिशेबात आलेला आकडाही हाच होता, त्यामुळे उत्साह वाढला यात नवल नाही. जर्मनीतल्या माइन्त्सपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेक गट कामाला लागले. २०१५ मध्ये सर्नच्या 'एनए-४८/२' प्रयोगाने पायॉन या कणांच्या विघटनांची जुनी नोंद नव्याने तपासली आणि साध्या कणांत फुटणाऱ्या छुप्या फोटॉनसाठी उरलेली जागा बंद केली. छुपा फोटॉन अदृश्य कणांत फुटत असेल ही पळवाट 'एनए-६४' आणि 'बाबर' या प्रयोगांनी २०१७ पर्यंत बुजवली. त्यानंतर कित्येक वर्षांनी, २०२५ मध्ये, लॅटिस पद्धतीच्या संगणकीय गणितावर आधारलेला नवा सैद्धांतिक आकडा आला, आणि त्यात म्युऑनची मूळ तफावतच उरली नाही. म्हणजे ज्या कोड्यासाठी हा उपाय सुचवला होता ते कोडे विरघळण्याच्या कितीतरी आधी प्रयोगांनी तो उपाय नाकारला होता. मोहक, स्पष्ट आकडे असलेली आणि स्ट्रिंगच्या सहज अंदाजाशी जुळणारी एक कल्पना दशकाच्या आत निकालात निघाली. ज्या क्षेत्राला 'खोटे ठरूच शकत नाही' म्हणून हिणवले जाते, त्याच्या उंबरठ्यावर हे घडले आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो मला टाळायचा नाही. छुपा फोटॉन सापडला तरी स्ट्रिंग थिअरी सिद्ध होणार नाही. होल्डम यांच्या मूळ निबंधात तंतूंची गरजच नव्हती. तो सापडला नाही तरी थिअरी खोटी ठरणार नाही. मिश्रणांक आणखी लहान आहे किंवा आपल्या विश्वाच्या रचनेत हलका छुपा फोटॉन नाहीच, असे म्हणता येईल. हे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, आणि याहून मोठा दावा करणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवू नये. पण विज्ञानात कसोटीला बहुधा अख्खी चौकट लागत नाही, तिच्या आतली ठराविक रूपे लागतात. न्यूटनच्या यांत्रिकीतही बल कोणते मानायचे हे सांगितल्याशिवाय भाकीत करता येत नाही. स्ट्रिंग थिअरीच्या ज्या रचनांमध्ये जादा मिती मोठ्या आहेत, तिथे वस्तुमान आणि मिश्रणांक एकमेकांशी बांधलेले आहेत. अशी रचना प्रयोगाच्या नकाशावर विवक्षित जागी बसते, आणि त्या जागेवरून तिला हुसकावता येते. काही रचनांची ती जागा आज गेलेलीही आहे. उलट, एखादा छुपा फोटॉन सापडलाच तर त्याच्या दोन संख्यांमधून दूरच्या मितींचा आकार कोणत्या मर्यादेत असू शकतो याचे पहिले खरे मोजमाप मिळेल. तो सिद्धतेचा पुरावा नसेल. पण इतक्या वर्षांच्या निव्वळ गणितानंतर मिळालेला तो पहिला आकडा असेल, आणि मी त्याला फार किंमत देईन.

आणखी एक दिशा गेल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने पुढे सरकली आहे. विश्वातल्या अदृश्य द्रव्यापैकी काही भाग, कदाचित सगळेच, अतिशय हलक्या छुप्या फोटॉनांचे असू शकते, हे २०११ आणि २०१२ मधल्या शोधनिबंधांनी दाखवले. तसे असेल तर त्यांना प्रयोगशाळेत निर्माण करावे लागत नाही. ते आपल्या भोवती आहेतच. रूपांतर एकदाच लागते, म्हणून संकेत मिश्रणांकाच्या चौथ्याऐवजी दुसऱ्या घाताने घटतो, आणि पोच एकदम वाढते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहमधील 'फंक' प्रयोगाने यासाठी सुमारे १४ चौरस मीटरचा गोलाकार आरसा वापरला. छुप्या फोटॉनांची लहर धातूच्या पृष्ठभागातल्या इलेक्ट्रॉनांना हलवते आणि पृष्ठभागाला लंब दिशेने क्षीण प्रकाश बाहेर पडतो. म्हणून हा प्रकाश आरशाच्या वक्रतेच्या केंद्रात गोळा होतो, तर दूरवरून येणारा साधा प्रकाश निम्म्या अंतरावरच्या नाभीत जमतो. खरा संकेत आणि गोंगाट यांना भूमितीच वेगळे करते. इतकी सुंदर युक्ती प्रयोगांत क्वचित पाहायला मिळते. तिथेही काही मिळाले नाही. २०२१ मध्ये शिकागो विद्यापीठ आणि फर्मीलॅबच्या गटाने क्वांटम संगणकासाठी बनवलेला अतिवाहक क्यूबिट वापरून पोकळीतला एकेक सूक्ष्मलहरी फोटॉन, त्याला नष्ट न करता, वारंवार मोजला. त्यामुळे शोधाचा वेग सुमारे १,३०० पट वाढला, आणि एका नेमक्या वस्तुमानासाठी मिश्रणांकाची मर्यादा ०.००० पुढे आणखी अकरा शून्यांनंतर पहिला अंक येईल इतकी खाली गेली.

खर्चाचा प्रश्न येतोच, आणि तो विचारायलाच हवा. या शोधाचा मोठा हिस्सा दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या साधनांवर चालतो : हेराचे निवृत्त चुंबक, त्वरकांच्या पोकळ्या, वैश्विक किरणांच्या वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीचा आरसा, जुन्या प्रयोगांच्या जपून ठेवलेल्या नोंदी. जड छुप्या फोटॉनांचा शोध घेणारा जपानमधला 'बेल २' प्रयोगही मुळात दुसऱ्या प्रश्नांसाठी उभारला गेला. त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने जोडला आहे, आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींतून हरवणाऱ्या ऊर्जेचा हिशेब या प्रयोगात ठेवला जातो. इतक्या कमी जादा खर्चात इतक्या दूरच्या प्रश्नाला हात घालण्याची संधी भौतिकशास्त्रात विरळा आहे, म्हणून हे काम थांबवण्याच्या बाजूने मला सबळ कारण दिसत नाही.

छुपा फोटॉन सापडल्याची बातमी एखाद्या दिवशी येईल, किंवा तशी अफवा त्याआधी अनेकदा येईल. तेव्हा वाचकांनी मथळ्यातल्या 'स्ट्रिंग थिअरी सिद्ध' या शब्दांकडे न पाहता तीन गोष्टी शोधाव्यात : वस्तुमान किती, मिश्रणांक किती, आणि वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या प्रयोगात तोच कण दिसला का. ही तीन उत्तरे नसतील, तर बातमी बाजूला ठेवून पुढच्या निष्कर्षांची वाट पाहावी.